गोळीची ओळ

नाना फेगड्यांनी हातरुमालाची गाठ सोडली. आतली काचेची नळी त्यांनी माझ्या टेबलावर, गव्हाच्या सॅम्पलच्या डब्याला टेकवून उभी केली. नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. आत गढूळ हिरवं पाणी.

"आज सकाळचं आहे, मॅडम," ते म्हणाले. "भुसावळहून पॅसेंजरने आणलं. सांडू दिलं नाही."

ते काय आहे हे मला विचारावं लागलं नाही. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. रक्तातली साखर घरी मोजायचं यंत्र तेव्हा आमच्या भागात मी कोणाकडे पाहिलेलं नव्हतं. लोक लघवी तपासायचे. नळीत बेनेडिक्ट नावाचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे. मग पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. नानांची नळी हिरवी होती, पण तळाशी पिवळट साका बसलेला मला दिसत होता.

"आधी निळं यायचं," नाना म्हणाले. "गोळी सोडल्याला सहा आठवडे झाले. हिरवा म्हणजे चालेल ना?"

लॅबमध्ये आम्ही दोघंच नव्हतो. मिलचे मालक कांतीशेठ समोरच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या शेजारी चोपड्याचा एक व्यापारी होता. आमच्या पिठाची डीलरशिप घ्यावी की नाही हे ठरवायला तो आला होता. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी हे पीठ कुठून आलं ते सांगायला हवं.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलर फ्लोअर मिलमध्ये केमिस्ट होते. माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. एम.एस्सी. झाल्यावर ही नोकरी मिळाली. मिलमध्ये बाई मी एकटीच. हमालांपासून मॅनेजरपर्यंत सगळे मला मॅडम म्हणायचे, पण माझं काम काय हे कोणाला नीट माहीत नव्हतं. गव्हातला ओलावा मोजायचा, मैद्याचा रंग बघायचा, पिठाचा गोळा धुऊन त्यातला चिकट भाग तोलायचा. रिपोर्ट लिहून द्यायचा. तो फाइलला लागायचा. मिल आपल्या गतीने चालायची.

रोलर मिल म्हणजे आपली पिठाची गिरणी नव्हे. गिरणीत अख्खा दाणा दळला जातो. इथे लोखंडी रोलर दाणा उघडतात आणि त्याचे भाग वेगळे करतात. आतला पांढरा भाग म्हणजे मैदा आणि रवा. वरचं साल म्हणजे कोंडा. मैदा बेकऱ्यांना जायचा, कोंडा गोठ्यांना. कोंड्याची पोती भरताना कोणी त्यांच्याकडे बघतही नसे.

एके दिवशी कांतीशेठ मुंबईहून एक मासिक घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की कोंड्यातल्या तंतूंमुळे, म्हणजे फायबरमुळे, मधुमेह्यांना फायदा होतो.

"मॅडम, हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"काही अंशी," मी म्हणाले. "हे तंतू पचत नाहीत. पोटात पाणी धरून ठेवतात. पोट साफ राहतं, लवकर भरतं. जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते."

"मग आपण इतकी वर्षं हे म्हशींना घालतोय?"

मी हसले. पण कोंडा घातलेलं पीठ बनवून बघा असं ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी खरं काम दिलं. मी चार महिने त्या पिठामागे लागले. नुसता कोंडा मिसळला की पोळी तुटायची. बारीक दळला की पोळी जमायची, पण महिन्याभरात पिठाला खवट वास यायचा, कारण कोंड्यात थोडं तेल असतं. मग कोंडा आधी मंद भाजून घ्यायचा असं ठरवलं. मिलच्या कँटीनमध्ये रोज पोळ्या लाटून बघितल्या. शेवटी जे जमलं त्याचं नाव ठेवलं फायबर आटा.

एक गोष्ट मला पुस्तकातून नीट माहीत होती. साखर सावकाश उतरवण्याचं काम मेथी आणि इसबगोल यांच्यातले चिकट तंतू जास्त करतात. गव्हाचा कोंडा पोटाला चांगला, पण साखरेवर त्याचा जोर बेताचा. आणि कोंडा घातला तरी पीठ हे पीठच. चार पोळ्या खाल्ल्या की चार पोळ्यांची साखर होणारच.

माझे वडील मधुमेही होते. देवपुरातल्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दहा किलोची पिशवी मी त्यांच्याकडे पाठवली. दोन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट खरंच सुधारला. त्या दोन महिन्यांत ते पांझरेच्या काठाने रोज फिरायलाही लागले होते. गोळी तर चालूच होती. पिशवी पाठवतानाच मी आईला बजावलं होतं, "पीठ वापर, पण त्यांची गोळी एक दिवससुद्धा चुकवू देऊ नकोस."

पिशवीबरोबर द्यायच्या पॅम्फ्लेटचा मजकूर मी लिहिला. त्यात असं होतं: धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी दोन महिने नियमित हा आटा खाल्ला आणि त्यांची साखर उतरली. त्याखाली मी एक ओळ लिहिली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच ठेवावी.

शेठनी कागद वाचला. "छान लिहिता तुम्ही. पण ही गोळीची ओळ कशाला? पीठ विकतोय आपण. पिठाच्या पिशवीत गोळीचं नाव निघालं की बाई पिशवी खाली ठेवील."

"पण शेठजी, लोकांचा गैरसमज—"

"आपण गोळी सोडा असं कुठे म्हणतोय? काहीच म्हणत नाही आपण. बघा तुम्ही. तुमचं पीठ आहे."

मी ओळीवर रेघ मारली, माझ्याच पेनने. शेठनी मारायला लावली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्यांनी "बघा तुम्ही" म्हटलं होतं. मी बघितलं आणि रेघ मारली. "तुमचं पीठ आहे" हे ऐकून मी आतून फुलले होते.

पीठ चाललं. जळगावात, भुसावळला, धुळ्यात दुकानदार मागून घ्यायला लागले. मिलमध्ये आता माझं काम काय ते सगळ्यांना कळलं होतं. आणि एका डिसेंबरात नाना फेगडे ती नळी घेऊन आले.

नाना रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झालेली. उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमचं पॅम्फ्लेट त्यांनी खिशात घडी घालून आणलं होतं. घड्यांवर ते झिजलं होतं.

"मी आधी ज्वारीची भाकरी खायचो," त्यांनी सांगितलं. "आता दोन्ही वेळेला तुमच्या पिठाची पोळी. आधी दोन खायचो, आता चार खातो. फायबर जास्त जायला पाहिजे ना. पहिला महिना सगळं निळं. मग म्हटलं, आता गोळी कशाला."

शेठ व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "बघा. आम्ही बोलावलेलं नाही यांना. आपणहून आलेत."

"तुम्ही शिकलेल्या आहात, मॅडम, म्हणून तुम्हाला विचारायला आलो," नाना म्हणाले. त्यांनी पॅम्फ्लेट उघडलं आणि बोट ठेवलं. "हे धुळ्याचे गुरुजी. यांची गोळी कधी सुटली?"

मला आजही ते बोट दिसतं. नख नीट कापलेलं. बोटाखाली माझे वडील होते. त्या सकाळी देवपुरात आईने त्यांच्या हातावर गोळी ठेवली असणार हे मला पक्कं माहीत होतं. "सुटली नाही, नाना. तुम्ही पण उद्यापासून सुरू करा." एवढंच म्हणायचं होतं. शेठ बघत होते. चोपड्याचा व्यापारी पुढे झुकला होता.

मी म्हणाले, "त्यांचं आता छान चाललंय."

नानांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

"आणि हा हिरवा?"

"थोडं कमी-जास्त होतं. खाण्यात नियमितपणा ठेवा."

एवढं बोलून मी ओलाव्याचा रिपोर्ट पुढे ओढला. शेठनी नानांना दोन पिशव्या भेट दिल्या. नानांनी नको नको म्हणत त्या घेतल्या. नळी परत रुमालात बांधली, मला नमस्कार केला आणि गेले. व्यापाऱ्याने तिथेच डीलरशिप पक्की केली. जाताना शेठ दारात थांबून म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही मिलची लाज राखली." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या बरं वाटण्याची.

त्या रविवारी मी देवपूरला गेले. जेवताना आईने वडिलांच्या ताटाशेजारी गोळी ठेवली. वडिलांनी ती घेतली आणि वर पाणी प्याले. मी बघत बसले. आई म्हणाली, "शैला, पोळी गार होतेय."

सोमवारी मी पोस्टकार्ड आणलं. नानांचा पत्ता गेटवरच्या रजिस्टरमध्ये होता, लॅबपासून पन्नास पावलांवर. मी जाऊन तो उतरवूनही आणला. "आदरणीय नाना" एवढं लिहिलं. मग विचार आला, हे कार्ड त्यांनी भुसावळच्या डीलरला दाखवलं तर? डीलर शेठना सांगेल. शेठ विचारतील, मग तेव्हाच का बोलला नाहीत? मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढच्या आठवड्यात लिहू, असं म्हणून ठेवलं. मग नवा गहू यायला लागला, सॅम्पलचा ढीग पडला. ड्रॉवर उघडताना कार्ड दिसायचं. काही दिवसांनी मी त्यावर फाइल ठेवली.

एप्रिलमध्ये भुसावळचा डीलर हिशेबाला आला होता. जाता जाता तो लॅबमध्ये डोकावला.

"मॅडम, ते नाना फेगडे आले होते ना तुमच्याकडे? त्यांच्या बायकोने पिशवी परत पाठवली. पायाची दोन बोटं काढली त्यांची."

"कशाने?"

"चप्पल लागली म्हणे. जखम कळलीच नाही. साखर खूप वाढलेली होती."

मी दुपारी अर्धी रजा टाकली आणि भुसावळची गाडी पकडली. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते. हे मी गाडीत स्वतःला समजावत नव्हते. मला ते आधीपासून माहीत होतं.

भुसावळ तापलं होतं. नानांचं घर रेल्वे कॉलनीच्या मागे होतं. पत्ता माझ्याकडे होताच. दार त्यांच्या बायकोने उघडलं. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नाव सांगितलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"पिठाच्या मॅडम का तुम्ही?"

"हो."

"या. ते जागे आहेत."

नाना कॉटवर उशीला टेकून बसले होते. डाव्या पायाला बँडेज. मला बघून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "अरे, मॅडम. एवढ्या उन्हात कशाला आलात?" मग अक्कांना म्हणाले, "पाणी आण. माठातलं."

अक्कांनी पाणी दिलं आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी म्हणत होते यांना, गोयी सोडू नका. तर हे तुमचा कागद दाखवायचे. मला वाचता येत नाही. मी काय बोलणार?"

"कागदात गोळी सोडा असं कुठे लिहिलंय?" नाना म्हणाले. "मीच सोडली. मॅडमना का बोलतेस?"

त्यांनी माझी बाजू घेतली आणि मला तिथे बसवेना. इथवर येताना मी ठरवलं होतं की तब्येतीची चौकशी करायची, फळं द्यायची आणि निघायचं. फळांची पिशवी हातातच होती. पण मी बोलून गेले.

"नाना, ते धुळ्याचे गुरुजी माझे वडील आहेत. त्यांची गोळी कधीच सुटली नाही. आजही चालू आहे."

बाहेर मालगाडी जात होती. लांबलचक होती. ती संपेपर्यंत नाना तिकडे कान देऊन बसले.

"मी विचारलं होतं तुम्हाला," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"शेठ बसले होते समोर."

नानांनी पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बसले होते खरे," ते म्हणाले. "मी त्यांना नव्हतं विचारलं."

मी माफी मागितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. अक्का मला सोडायला दारापर्यंत आल्या. फळांची पिशवी त्यांनी परत माझ्या हातात दिली. "यांना चालत नाहीत," म्हणाल्या. पिशवीत चिकू होते. मधुमेह्याला द्यायला मी चिकू घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या केबिनमध्ये गेले. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. नानांचं सगळं सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. मग म्हणाले, "पॅम्फ्लेटवर गोळीची ओळ घातल्याशिवाय पुढची पिशवी बाहेर जाऊ नये. आणि गुरुजींचा मजकूर काढायचा."

शेठनी विचारलं, "पाय काढावा लागला का?"

"दोन बोटं."

"अरेरे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घाला ओळ. मोठ्या अक्षरात घाला. प्रिंटरला आजच फोन करा."

"आणि गोदामात भरून ठेवलेल्या पिशव्या?"

"त्यांच्यावर शिक्का मारून घ्या. मॅडम, हे तुम्ही मला त्या दिवशी, ते गेल्यावर तरी सांगायचं ना. मला काय कळतं यातलं? मी तुमच्या भरवशावर बसतो."

एवढंच झालं. पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्या माणसाच्या भीतीने मी गप्प बसले, त्याने माझं म्हणणं एका वाक्यात मान्य केलं. त्याने नाही म्हटलं असतं, मला काढून टाकलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. निदान भीती खरी होती असं म्हणता आलं असतं. पर्समधला राजीनामा मी दिला नाही. नोकरी मला हवीच होती.

पुढचे चार दिवस मी गोदामात बसून पिशव्यांवर शिक्के मारले. पॅकिंगच्या बायका मदतीला यायला तयार होत्या. मी नको म्हणाले. खांदा भरून आला. त्याने काही फरक पडला नाही.

फायबर आटा आणखी दोन-अडीच वर्षं चालला. गोळीच्या ओळीमुळे खप पडला नाही. शेठची ती शंका चुकीचीच निघाली. पुढे लोकांना पोळी खरखरीत लागायला लागली आणि तो आपोआप बंद पडला. नाना काठी घेऊन चालायला लागले, ज्वारीच्या भाकरीवर परत गेले, गोळी सुरू झाली. हे मला डीलरकडून कळायचं. ते परत मिलमध्ये आले नाहीत. मीही भुसावळला गेले नाही. जायला हवं होतं. वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. आपल्या रिपोर्टमुळे लेकीचं पीठ चाललं, असं ते शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत राहिले आणि मी ते ऐकून घेत राहिले.

त्यानंतर नोकरीची बरीच वर्षं झाली. दुसऱ्या दोन कंपन्या झाल्या. पुष्कळ लेबलं माझ्या हाताखालून गेली. लेबलावर खोटं लिहिलेलं मी फारसं कुठे पाहिलं नाही. खोटं लिहायची गरज पडत नाही. एक ओळ काढली की उरलेल्या खऱ्या ओळी ते काम करतात. म्हणून लेबल तपासायला आलं की मी आधी पहिला कच्चा मसुदा मागवायचे आणि त्यात काय खोडलंय ते बघायचे. ज्युनिअर लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटायचा.

आता निवृत्त झाल्यावरही ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, कोंड्याने साखर उतरते का हो? मी सांगते, थोडी मदत होते, पोळ्या मोजून खा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. हे म्हणायला दहा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.